नवी अलॉय चाकं बसवताना आतले प्रेशर सेन्सर: जुने काढून लावायचे, नवे घ्यायचे की सोडून द्यायचे? (इंदूर)

राऊकर

नमस्कार मंडळी. सल्ला हवा आहे, आणि गाडी दुकानात उभी करायच्या आधी हवा आहे.

माझी एसयूव्ही सहा वर्षांहून जुनी झाली. चारही चाकांत कंपनीचेच टायर प्रेशर सेन्सर आहेत, डॅशबोर्डवर प्रत्येक चाकाची हवा वेगळी दिसते. पावसाळ्यात बायपासच्या सर्व्हिस रोडवरच्या खड्ड्यात पुढचं डावं अलॉय वाकलं, मागच्या एकाची कड उडाली. टायरही झिजत आलेत. म्हणून चार अलॉय आणि चार टायर एकदमच घ्यायचं ठरवलं. माप तेच ठेवतोय, २१५/६० आर १७.

अडलंय ते सेन्सरवर. सियागंजच्या बाजूचा दुकानदार म्हणाला, "भिया, पुराने निकाल के इसी में डाल देंगे, कुछ नहीं होता." विजयनगरला दुसऱ्याने चारही नवे घ्यायला सांगितले, पण का ते सांगितलं नाही. तिसरा म्हणाला की साधे रबरी व्हॉल्व्ह लावू, दिवा जळत राहील तेवढाच. नव्या सेन्सरच्या भावात दोन ठिकाणी जवळजवळ दुपटीचा फरक आहे.

घरातले तिघं ही गाडी चालवतात. मुलगी नोकरीसाठी रोज देवासला जाते-येते. त्यामुळे दिवा जळत ठेवायचा नाही एवढं नक्की. बाकी तुम्ही सांगा.

निमाडी_ऊन

आधी एक सांगा. दिवा सध्या लागतो का, आणि कसा लागतो? गाडी सुरू केल्यावर मिनिटभर लुकलुकून मग स्थिर होतो, की पहिल्यापासून स्थिर असतो? दोन्हींचा अर्थ वेगळा आहे. पहिल्यापासून स्थिर म्हणजे हवा कमी. आधी लुकलुक म्हणजे यंत्रणेतच बिघाड, बहुतेक वेळा एखादा सेन्सर ऐकू येत नाहीये.

राऊकर

बरोबर जागी बोट ठेवलंत. हल्ली थंडीत सकाळी लुकलुकतो. मागच्या उजव्या चाकाच्या जागी आकडा न येता नुसत्या रेघा येतात. दुपारी ऊन तापलं की आकडा परत येतो. हवा गेजने तपासली, बरोबर आहे.

पिथमपूर_पाना

त्या सेन्सरची बॅटरी शेवटाला आली आहे. थंडीत लिथियम सेल कमी जोर देतो, दुपारी गरम झाला की पुन्हा थोडं बोलतो. बाकीचे तीनही त्याच वयाचे आहेत, तेवढेच किलोमीटर धावलेत. टायर आणि व्हील फिटिंगच्या कामात बरीच वर्षं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सेन्सर चाकाच्या आत, व्हॉल्व्हच्या बुडाशी बसतो. त्यात दाब मोजणारी चिप असते, तापमान मोजणारी असते, चाक फिरतंय का ते ओळखणारा भाग असतो, एक छोटा रेडिओ आणि नाण्यासारखा लिथियम सेल. हे सगळं राळेत ओतून बंद केलेलं असतं. सेल बदलता येत नाही. यूट्यूबवर कापून बदलणारे दिसतील, पण चाकाच्या आत फिरणारी वस्तू कापून पुन्हा चिकटवून लावू नये.

गाडी उभी असली की सेन्सर झोपतो. चाक फिरू लागलं की साधारण मिनिटाला एकदा दाब सांगतो, आणि दाब झपाट्याने पडू लागला तर लगेच. आयुष्य ५ ते १० वर्षं धरतात. गाडी जितकी जास्त पळते तितकी बॅटरी लवकर संपते. आपल्याकडे मे महिन्यातला रस्ता आणि वर ब्रेकची उष्णता, तेही सेलला सोसावं लागतं.

आता हिशेब बघा. सेन्सर बदलायचा तर चाक उतरवा, हवा काढा, बीड म्हणजे रिमला घट्ट बसलेली टायरची कड मोडा, सेन्सर बदला, टायर चढवा, हवा भरा, बॅलन्सिंग करा. हे सगळं नव्या टायरसाठी तुम्ही आत्ता करतच आहात. आज जुने सेन्सर नव्या अलॉयमध्ये घातलेत आणि पुढच्या हिवाळ्यात एक गेला, त्यानंतर दुसरा, तर दर वेळी हीच मजुरी, आणि दर वेळी नव्या अलॉयच्या कडेवर मशीन लागणार. सहा वर्षांच्या सेन्सरना नव्या चाकात जागा देऊ नका. चारही बदला.

घेताना फ्रिक्वेन्सी बघा. आपल्याकडच्या गाड्यांना ४३३ मेगाहर्ट्झचे लागतात. अमेरिकन आणि जपानी बाजारातल्या बऱ्याच गाड्यांना ३१५चे असतात, तेही इथे ऑनलाइन मिळतात. दिसायला सारखेच, पण तुमची गाडी ३१५चं एक अक्षर ऐकणार नाही. फ्रिक्वेन्सी जुळली तरी भागत नाही. सेन्सरची भाषा त्या गाडीची हवी. म्हणून एक तर गाडीच्या कंपनीचा पार्ट नंबर जुळवून घ्या, नाहीतर प्रोग्राम करता येणारा युनिव्हर्सल सेन्सर घ्या आणि दुकानदाराच्या यंत्रात तुमची गाडी आहे का ते पैसे देण्याआधी बघून घ्या.

प्रत्येक सेन्सरला स्वतःचा क्रमांक असतो आणि गाडीला फक्त तिच्या चौघांचे क्रमांक ठाऊक असतात. नाहीतर सिग्नलला शेजारी उभ्या गाडीची हवा तुमच्या डॅशबोर्डवर दिसली असती. काही गाड्या नवे क्रमांक चालता चालता स्वतः शिकतात. काहींना शिकण्याच्या मोडमध्ये घालून एकेका चाकाजवळ यंत्र धरून सेन्सर जागा करावा लागतो, ठरलेल्या क्रमाने. काहींमध्ये ओबीडी पोर्टमधून, म्हणजे गाडीला तपासणीचं यंत्र जोडायच्या जागेतून, क्रमांक लिहावे लागतात.

यावर सोपा उपाय म्हणजे जुन्याचा क्रमांक नव्यात उतरवणं. गाडीला काही बदललंय हे कळतच नाही. पण जुन्याचा क्रमांक वाचायला जुना जिवंत हवा. तेव्हा गाडी जॅकवर चढायच्या आधी चारही सेन्सर यंत्राने वाचून क्रमांक कागदावर लिहून घ्या. तुमचा मागचा उजवा सकाळी बोलत नाही, म्हणून दुपारी जा.

सुदामानगर_आबा

राऊकर, तुमच्या काळजीबद्दल काहीच म्हणणं नाही, पण एवढा खर्च खरंच हवा का? मी आयुष्यभर दर रविवारी सकाळी गाडी थंड असताना हवा तपासत आलो. चांगलं गेज घरात असलं, ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरचा स्टिकर वाचता आला, की काम झालं. सेन्सर बिघडतात, चांगलं गेज सहसा बिघडत नाही.

खलघाट_पलीकडे

आबा, तुमची रविवारची शिस्त सगळ्यांना असती तर किती बरं झालं असतं. पण गेज फक्त रविवार सकाळचं सांगतं. मी आईला घेऊन इंदूर-पुणे एकटी गाडी चालवते. एकदा सेंधवा सोडल्यावर घाटानंतर मागच्या डाव्या चाकाचा आकडा ३३ पीएसआयवरून खाली येऊ लागला. ३१, २९, २७. गाडी ओढत नव्हती, आवाज नव्हता, काहीच जाणवत नव्हतं. ढाब्यावर थांबले तेव्हा २४ होता. स्क्रू घुसला होता. पंक्चरवाल्याने पट्टी लावून दिली आणि आम्ही पुढे गेलो. सकाळी निघताना चारही चाकं मी स्वतः गेजने तपासली होती. ट्यूबलेस टायर हळूहळू बसतो, आणि हवा कमी असलेला टायर महामार्गाच्या वेगाला बाजूच्या भिंतीत वाकून वाकून आतून तापतो. अशा टायरची भिंत एकदा चुरगळली की पंक्चर काढूनही उपयोग नसतो, टायरच फेकावा लागतो. फुटला तर काय होतं ते लिहीत नाही.

राऊकर, मुलगी देवासच्या एबी रोड महामार्गावर रोज असते ना? घ्या चारही.

सुदामानगर_आबा

ताई, हे मला पटलं. धावत्या गाडीत गेज लावता येत नाही. माझं म्हणणं एवढंच दुरुस्त करतो की सेन्सर आहे म्हणून गेज सोडू नये.

निमाडी_ऊन

आबांचा मुद्दा मोठा आहे, त्याला जोडून. धोक्याचा दिवा लागतो तेव्हा बरीच हवा आधीच गेलेली असते. अमेरिकेत टायर फुटून गाड्या उलटल्याच्या प्रकरणांनंतर २००० साली 'ट्रेड' (TREAD) नावाचा वाहन-सुरक्षेचा कायदा आला आणि सप्टेंबर २००७पासून तिथल्या नव्या हलक्या गाड्यांना ही यंत्रणा सक्तीची झाली. त्या नियमात दिवा लागायची मर्यादा ठरलेल्या दाबापेक्षा २५ टक्के खाली आहे. ३३चे २५ टक्के काढा. म्हणजे पावणेपंचविसापर्यंत दिवा गप्प राहिला तरी तो नियमात बसतो. युरोपात २०१४च्या नोव्हेंबरपासून सगळ्या नव्या मोटारींना सक्ती आहे, तिथे मर्यादा २० टक्के. ज्यांच्या गाडीत आकडे दिसतात त्यांनी दिव्याची वाट न बघता आकडे बघावेत.

आपल्याकडे सरसकट सक्ती नाही. पण १ ऑक्टोबर २०२०पासून साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाड्यांमध्ये ट्यूबलेस टायर, ही यंत्रणा आणि दुरुस्तीचं किट असेल तर स्टेपनी दिली नाही तरी चालते. स्टेपनी नसलेल्या गाडीत सेन्सर काढून रबरी व्हॉल्व्ह लावणं म्हणजे दोन्ही आधार एकदम काढून घेणं. त्या तिसऱ्या दुकानदाराचा सल्ला कुणीच घेऊ नये.

किल्ल्याखाली_ग्वाल्हेर

थंडीचा विषय निघाला म्हणून. आमच्याकडे मे-जूनमध्ये पारा ४५च्या पुढे आणि जानेवारीत पहाटे ५-६ अंश. तापमान १० अंश उतरलं की टायरची हवा साधारण दीड पीएसआय उतरते. ४० अंशांत भरलेले ३३ पीएसआय ६ अंशांच्या पहाटे जवळपास २८ दिसतात, पंक्चर नसतानाही. शिवाय रबरातून महिन्याला एखादा पीएसआय आपोआप जातोच. आमच्या लष्कर भागात दर डिसेंबरात लोक "सेन्सर खराब झाला" म्हणून दुकानात जातात, आणि सेन्सर अगदी खरं बोलत असतो. स्थिर दिवा असेल तर आधी हवा भरा. राऊकरांच्या रेघा मात्र वेगळ्या, ती बॅटरीच.

आणि गरम टायरची हवा कमी करू नका. लांब पळून आल्यावर ३-४ पीएसआय वाढलेली दिसते, ती अपेक्षित आहे. स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो.

मांडवी_बडोदा

वाचते आहे, धागा छान चाललाय. एक गोष्ट राहू नये. प्रत्येक गाडीत चाकाच्या आत सेन्सर असतोच असं नाही. माझ्या गाडीत दिवा आहे, पण आकडे दिसत नाहीत. ती अप्रत्यक्ष पद्धत. हवा कमी झालेलं चाक किंचित लहान होतं, म्हणून जास्त वेगाने फिरतं, आणि एबीएसचे, म्हणजे ब्रेक लावल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे सेन्सर तो फरक पकडतात. अशा गाडीला नवी चाकं लावताना सेन्सर विकत घ्यायचाच नसतो. चारही चाकांत हवा बरोबर भरायची, मेन्यूत जाऊन रीसेट करायचं आणि थोडी गाडी चालवायची. मला इथे अलकापुरीच्या बाजूला एका दुकानात चार सेन्सरचं कोटेशन दिलं होतं. मॅन्युअल उघडून दाखवल्यावर त्याने ते मागे घेतलं.

या पद्धतीत चारही चाकांची हवा सारखीच उतरली तर फरक पकडणं अवघड जातं. त्यामुळे आबांचं गेज आमच्यासाठी तर फारच गरजेचं.

पलासिया_चौक

माझ्या ओळखीच्या एकाने वेगळंच केलंय. चारही जुने सेन्सर पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात घातले, पाइपला व्हॉल्व्ह लावून ३३ पीएसआय हवा भरली आणि पाइप डिकीत ठेवला. गाडीला वाटतं चारही चाकं ठीक आहेत. दिवा बंद, खर्च शून्य. हे चालेल का?

पिथमपूर_पाना

नाही. अजिबात नाही, आणि तुमच्या ओळखीच्यांनाही आजच सांगा.

दिवा जळत असेल तर निदान चालवणाऱ्याला माहीत असतं की यंत्रणा बंद आहे. पाइपवाल्या गाडीत डॅशबोर्ड ३३ सांगत राहणार आणि खाली टायर बसलेला असणार. ती गाडी उद्या घरातलं दुसरं कुणी चालवेल, परवा विकली जाईल. घेणाऱ्याला कोण सांगणार की हे आकडे डिकीतल्या पाइपचे आहेत? शिवाय उन्हात तापणाऱ्या बंद डिकीत हवा भरलेला प्लास्टिकचा पाइप. असं कुणाच्याही गाडीत करू नका.

पलासिया_चौक

समजलं. कळवतो त्यांना. मग बाहेरून व्हॉल्व्हवर टोपीसारखे बसणारे सेन्सर, सोलर डिस्प्लेवाले? ते कसे?

पिथमपूर_पाना

ज्या गाडीत मुळात काहीच नाही तिच्यासाठी ते चांगले आहेत. धातूच्या व्हॉल्व्हवर लावा. जुन्या रबरी व्हॉल्व्हवर त्यांचं वजन वेगात बाहेर ओढतं आणि बुडाशी चीर पडू शकते. लावल्यावर साबणाचं पाणी टाकून गळती बघा. पण राऊकरांच्या डॅशबोर्डवरचा दिवा त्यांनी विझणार नाही, गाडी स्वतःच्याच सेन्सरना शोधत राहील.

एमवाय_रोड

मी जरा विरोधात बोलतो. माझी गाडी नऊ वर्षांची आहे आणि कंपनीचे चारही सेन्सर अजून चालू आहेत. गेल्या वर्षी टायर बदलले तेव्हा दुकानदार नव्यांसाठी मागे लागला होता. मी आधी यंत्राने वाचायला लावलं, चारही ठीक निघाले, तेच ठेवले. चालू वस्तू फक्त वयामुळे फेकायची हे मला पटत नाही. राऊकरांचा एक थकलाय, तो बदला. बाकी तीन वाचून बघा.

पिथमपूर_पाना

तुमची बाजू समजते. वाचून मगच ठरवावं हे तर शंभर टक्के. अडचण ही की बहुतेक यंत्रं बॅटरी "ठीक" किंवा "कमी" एवढंच सांगतात, किती महिने उरलेत ते नाही. सेन्सर दोन-तीन वर्षांचे असते तर मीही म्हणालो असतो की तेच नव्या चाकात घाला. पण तसं करताना सर्व्हिस किट नवं हवंच: रबरी सील, वॉशर, नट, व्हॉल्व्हची पिन आणि टोपी. सील एकदा दाबून बसलं की त्याचा आकार बदलतो, दुसऱ्या रिमवर ते गळतं. पिन निकेल चढवलेलीच घ्या. अॅल्युमिनियमच्या व्हॉल्व्हमध्ये साधी पितळी पिन घातली की दोन धातूंची ओलाव्यात कुरबुर होऊन ती जाम होते, आणि पुढच्या वेळी व्हॉल्व्हच तुटून हातात येतो. टोपीचंही तेच, दिखाऊ धातूच्या टोप्या नकोत, प्लास्टिकची आतून सील असलेली टोपी उत्तम.

एमवाय_रोड

किटबद्दल माहिती नव्हती, धन्यवाद. वयाच्या बाबतीत मी माझ्या मतावर आहे.

राऊकर

काम झालं, म्हणून सविस्तर लिहितो.

शेवटी चौथ्याच दुकानात गेलो, कारण तिथे विचारल्यावर मालकाने आधी यंत्र आणून दाखवलं. दुपारी गेलो. चारही सेन्सर वाचले गेले, मागच्या उजव्याची बॅटरी "कमी" आली. एमवाय_रोड यांचं म्हणणं मनात होतं, पण मुलीचं रोजचं जाणं-येणं बघून चारही नवे घेतले, प्रोग्राम करता येणारे, जुने क्रमांक उतरवून. भाव दोन्ही जुन्या कोटेशनच्या मधला पडला.

अलॉय निवडतानाच मालकाने एक सेन्सर कोऱ्या रिममध्ये बसवून बघितला. मला आवडलेल्या डिझाइनमध्ये व्हॉल्व्हच्या भोकाचा कोन असा होता की सेन्सरचं अंग रिमच्या आतल्या उतारावर टेकत होतं. तो म्हणाला, हे चालत्या गाडीत घासेल, आणि टायर चढवताना बीड यावरूनच जाईल. म्हणून दुसरं डिझाइन घेतलं. नवी अलॉय घेणाऱ्यांनी हे अगदी करावं. पैसे भरून चाकं घरी आणल्यावर हे कळलं तर काहीच करता येत नाही.

पोरगा कामाला चांगला होता. जुने टायर काढताना बीड मोडायचं फावडं व्हॉल्व्हच्या विरुद्ध बाजूला लावलं. सेन्सरचा नट हवेच्या गनने न आवळता छोट्या टॉर्क पान्याने, सेन्सरच्या कागदावर दिलेल्या आकड्याइतकाच. तो आकडा अगदी थोड्या न्यूटन-मीटरचा असतो, हाताने अंदाजे आवळला तर व्हॉल्व्हची मान तुटते असं त्याने सांगितलं. चाकांचे नटसुद्धा शेवटी टॉर्क पान्याने, समोरासमोरच्या क्रमाने. थोडं चालवून झाल्यावर ते पुन्हा तपासून घ्यायला बोलावलं आहे.

मध्ये एकाने विचारलं, "जेल डाल दें भिया? पंचर का झंझट खतम." नको म्हटलं. बरोबर केलं ना?

सुरुवातीला डॅशबोर्डवर चारही जागी रेघाच होत्या. रिंग रोडवर थोडी गाडी पळवली आणि एकेक आकडा आला. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड टायरवर आबांच्या पद्धतीने गेज लावून ३३ केले. गेज आणि डॅशबोर्डमध्ये एका पीएसआयचा फरक आहे, तो चालेल असं धरतो.

सुदामानगर_आबा

चालेल. आनंद वाटला वाचून. मुलीलाही गेज लावायला शिकवा.

पिथमपूर_पाना

अगदी व्यवस्थित काम झालंय. जेल नको म्हटलंत ते बरोबर. सेन्सरला दाब कळतो तो एका बारीक छिद्रातून, साधं जेल त्यात जाऊन बसलं की सेन्सर चुकीचा दाब सांगतो किंवा गप्प होतो. काही जेलवर सेन्सरला चालेल असं लिहिलेलं असतं, तेही रस्त्यात अडकल्यावर वापरायला ठेवा. आणि वापरलं तर पुढच्या वेळी टायर उतरवून आत पुसून घ्या.

खलघाट_पलीकडे

राऊकर, मस्त. दोन शंका. स्टेपनीत सेन्सर असतो का? आणि जुने चार सेन्सर तुम्ही परत घेतले असतील, तर अडीअडचणीला एखादा डिकीत ठेवावा का? माझ्याकडेही पुढच्या वर्षी हेच काम निघणार आहे.

राऊकर

माझ्या स्टेपनीत नाही. दुकानदार म्हणाला की बऱ्याच गाड्यांमध्ये नसतोच, त्यामुळे स्टेपनी लावून चालवताना दिवा लुकलुकणार, तो बिघाड समजू नका. जुने चारही त्याने पिशवीत घालून दिलेत, घरी कपाटात आहेत.

पिथमपूर_पाना

ताई, डिकीत नको. नव्यांमध्ये जुन्यांचेच क्रमांक उतरवले आहेत, म्हणजे एकाच क्रमांकाचे दोन सेन्सर झाले. डिकीतला बहुतेक वेळ झोपलेलाच असतो, पण काही जागे होतात आणि शून्य दाब सांगतात. गाडीला वाटतं चाक बसलं. नव्या क्रमांकांनी गाडीला शिकवलं असेल तर हा घोळ होत नाही. राऊकर, तुमचे घरीच राहू द्या, आणि नवे नीट चालतात याची महिना-दोन महिने खात्री झाली की जुने ई-कचऱ्यात द्या. आत लिथियम सेल आहे, ओल्या-सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकू नका.